तिसरी वेळ

थंडर बेची कागद गिरणी. जानेवारी. उणे एकतीस.
फाटकापाशी पोचेस्तोवर पापण्या एकमेकींना चिकटतात.
आत लगद्याचा वास, कोबी उतू गेल्यासारखा,
आणि तळाशी कुठेतरी ट्रान्सफॉर्मरचा एकच सूर.
ऑर्वो म्हणतो, तो त्याला स्वतःच्या लग्नातही ऐकू आला होता.

मी हलीना. दुसऱ्या वर्षाची शिकाऊ.
लाल कुलपावर माझं नाव, माझा फोटो,
चावी एकच, ती गळ्यात.
नऊ हजार तास भरायचेत.
वहीत आजवर तीन हजार एकशे बारा,
दर आठवड्यापुढे ऑर्वोची सही
आणि सहीशेजारी त्याच्या अंगठ्याचं ग्रीस.

पहिलं वर्ष पाइप वाकवण्यात गेलं.
तीस अंशांचे दोन बाक,
मधलं अंतर अडथळ्याच्या दुप्पट.
हेच गणित शाळेत कुणी असं सांगितलं असतं
तर मी खिडकीबाहेर बघत बसले नसते.
माझा पहिला पाइप कुत्र्याच्या मागच्या पायासारखा झाला.
ऑर्वोनं तो भंगारात टाकला नाही, घरी नेला.
उन्हाळ्यात टोमॅटोला आधार म्हणून लावला.
वेलाला कुठं कळतं, म्हणाला.

मग तारा ओढणं, कोपरापर्यंत पिवळा साबण:
लाल, काळी, निळी, परतीची पांढरी,
आणि हिरवी, जी वर्षानुवर्षं नुसती पडून असते
आणि एखाद्या दिवशी
तिच्याशिवाय कुणीच कामाचं नसतं.

मंगळवारी चार नंबरच्या पंपाची मोटर.
स्विच पाडला. कुलूप घातलं. पाटी अडकवली.
झाकण उघडून टेस्टर लावला: काही नाही.
मी पान्याकडे हात नेला.

'किती वेळा?'
ऑर्वो मागे उभा होता, हातात सँडविच.

आधी जिवंत तारेला विचारायचं,
मग मेलेलीला,
मग पुन्हा जिवंतीला.
पाठ होतं मला. परीक्षेत लिहिलंही होतं.

त्यानं माझा टेस्टर घेतला,
शेजारच्या चालू पॅनलला लावला.
आत सहाशे व्होल्ट,
पलीकडे रोलर धडाडताहेत,
आणि टेस्टर म्हणतो: काही नाही.

मग त्यानं स्वतःचा मीटर काढला,
तीनदा विचारलं, सावकाश, मला दिसेल असं.
आमची तार मेलेलीच होती.
कुलूप बरोबर होतं.
म्हणजे मला काहीच झालं नसतं.
हे मी स्वतःला दिवसभर सांगत राहिले
आणि दिवसभर ते पुरलं नाही.

तो ओरडला नाही.
टेस्टरच्या दोन्ही वायरी पकडीनं कापल्या,
उद्या दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये म्हणून.
थर्मासच्या झाकणात कॉफी दिली.

जेवणाच्या खोलीत चौदा नंबरचा लॉकर आहे,
कुणी वापरत नाही, कुणी उघडत नाही.
पहिल्या आठवड्यात मी विचारलं होतं, कुणाचा.
ऑर्वो कॉफी ओतत राहिला होता,
कप भरून वाहिला तरी.
आज विचारलं नाही.

सुट्टीला त्यानं वहीत आठ तास लिहिले.
मी म्हटलं, निम्मा दिवस तर मी नुसती बसून होते.
'आठ,' तो म्हणाला, आणि सही केली.

घरी आले. गाडीच्या इंजिनाचा हीटर प्लगला लावला,
नाहीतर सकाळी ती उठत नाही.
बाबा खुर्चीत झोपलेले,
टीव्हीवर हॉकी, आवाज बंद,
छाती हलतेय की नाही, दिव्याच्या उजेडात कळेना.

बूट न काढता उभी राहिले.
आधी माझ्याच मनगटावर दोन बोटं ठेवली.
मग त्यांच्या.
मग पुन्हा माझ्या.

'कोण गं, एवढे गार हात?'
डोळे न उघडता ते म्हणाले.

मीच, म्हटलं. झोपा.